आमचे कौतुक आम्हाला कळेल अशा भाषेत करा!



एक साधा सवाल विचारून सुरुवात करतो. तुमच्या पोराची पाठ चारचौघांत थोपटली गेली, पण ती कशासाठी थोपटली हेच तुम्हाला कळले नाही. मग ते कौतुक पोराचे झाले की थोपटणाऱ्याच्या इंग्रजीचे?

हा सवाल आम्हाला हवेतून सुचलेला नाही. मुलुंडच्या एका शाळेच्या बक्षीस समारंभाला आम्ही गेलो होतो. सभागृह गच्च भरले होते. व्यासपीठावर पाहुणे, टेबलावर चकाकणाऱ्या ट्रॉफ्यांची रांग. निवेदन सगळे इंग्रजीत! 'आउटस्टँडिंग', 'एक्सलन्स', 'ॲचीव्हमेंट' असे शब्द लाह्यांसारखे फुटत होते. आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक माउली बसली होती. चार घरची धुणीभांडी आटोपून, धुतलेले पातळ नेसून आली होती. तिच्या मुलीचे नाव पुकारले. पोरगी वर गेली, कागद घेतला, टाळ्या झाल्या. आईनेही वाजवल्या. मग पोर खाली आली तेव्हा तो कागद आमच्यापुढे धरून ती माउली हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही शिकलेले दिसता. हे कशाचं दिलं माझ्या पोरीला? वाचून सांगता का?"

आम्ही वाचले. वर 'सर्टिफिकेट ऑफ ॲप्रिसिएशन'. खाली चित्रकलेसाठी 'कन्सोलेशन प्राइझ'.

आता हे तिला सांगायचे कसे? कन्सोलेशन म्हणजे सांत्वन. आपल्याकडे सांत्वन कुठे करतात? ज्याच्या घरचे माणूस गेले त्याच्या दारात! नऊ वर्षांच्या पोरीने आपल्या हाताने चित्र काढले, शेकडो मुलांत तिचे नाव निघाले आणि हे तिचे सांत्वन करतात! आम्ही त्या माउलीला सांगितले, "ताई, हे उत्तेजनार्थ बक्षीस आहे." तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "म्हणजे अजून पुढं जा, असंच ना?" आम्ही म्हटले, "हो ताई, असंच!" तेव्हा कुठे ती मुलीला जवळ घेऊन हसली. टाळ्या संपून पंधरा मिनिटे झाली होती.

त्या माउलीची ती पंधरा मिनिटे कोणी चोरली? आमचे भांडण त्या पंधरा मिनिटांसाठी आहे.

शब्द नाहीत म्हणे!

आम्ही हे बोललो की लगेच उत्तर येते, "अहो, इंग्रजीत जो नेमकेपणा आहे तो मराठीत कुठे? तुमच्याकडे शब्द तरी आहेत का?"

शब्द नाहीत? 'उत्तेजनार्थ' आणि 'कन्सोलेशन' हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. इंग्रजी शब्द हरलेल्याचे डोळे पुसतो. मराठी शब्द त्याला पुढच्या फेरीसाठी उभा करतो. न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीने १८९४ साली पुण्यात ग्रंथलेखनाला हातभार लावण्यासाठी संस्था काढली, तिच्या नावातही हाच शब्द आहे: ग्रंथोत्तेजक. मदत हवी, कीव नको, हा बाणा त्या शब्दात आहे.

आणखी हवेत? घ्या! कौतुक, शाबासकी, वाहवा, प्रशंसा, स्तुती, गौरव, सत्कार, सन्मान, बहुमान, पारितोषिक, बक्षीस, इनाम, मानपत्र, मानकरी. प्रत्येकाचे वजन वेगळे, जागा वेगळी. कौतुक घरचे माणूस करते आणि ते डोळ्यांत दिसते. ज्ञानेश्वर माउलींनी सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीची थोरवी सांगताना हाच शब्द वापरला. शाबासकीला पाठ लागते, पाठीवर हात पडल्याशिवाय ती पुरी होत नाही. सत्काराला शाल, श्रीफळ आणि चार लोक लागतात. गौरवात गुरू या शब्दाचे वजन आहे. ज्याचा गौरव केला त्याला आपण वजनदार मानले, असा त्याचा अर्थ. अभिनंदन म्हणजे नुसते 'काँग्रॅट्स' नव्हे. त्यात आनंद आहे, तुझ्या यशाने आम्हालाही आनंद झाला ही कबुली आहे. आणि परीक्षेतले 'डिस्टिंक्शन'? त्याला 'विशेष प्रावीण्य' हा शब्द किती वर्षे झाली आपण लिहितो! डिस्टिंक्शन म्हणजे वेगळेपणा. प्रावीण्य म्हणजे कसब. पोर वेगळे पडले हे सांगायचे की कसबी निघाले हे सांगायचे?

आणि मानपत्र! मानपत्र वाचायचे असते, मोठ्याने, सभेपुढे. माणसाने काय केले, किती वर्षे केले, कोणासाठी केले, हे त्याच्या बायकापोरांच्या कानांवर पडावे म्हणून ते वाचतात. अंधेरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे लेथ चालवलेले आमचे एक स्नेही निवृत्त झाले. साहेबाने हात मिळवला आणि 'लाँग सर्व्हिस अवॉर्ड' असे कोरलेला काचेचा ठोकळा दिला. दोन मिनिटांत कार्यक्रम खलास! त्याच आठवड्यात त्यांच्या चाळीतल्या मंडळींनी पोस्टरच्या कागदावर, वळणदार अक्षरात मानपत्र लिहिले आणि गणपतीच्या मंडपात वाचले. अपघातात सापडलेल्या सोबत्याला त्यांनी खांद्यावरून दवाखान्यात नेले होते, ते त्यांच्या मुलाला तेव्हा पहिल्यांदा कळले. काचेचा ठोकळा टीव्हीवर धूळ खातो आहे. कागद फ्रेम करून देवघराशेजारी लावला आहे. आता सांगा, नेमकेपणा कशात होता?

आम्ही सोवळे नेसून बसलेलो नाही

इंग्रजी शब्दाचा विटाळ मानणारे आम्ही नव्हे, हेही ऐकून ठेवा. 'शाब्बास' हा शब्द कुठला? फारसी! आनंदात राहा, असा त्याचा मूळ अर्थ. बक्षीस फारसीतून आले. इनाम, किताब, सनद हे अरबी शब्द फारसीचा हात धरून आले. पण आले ते मराठी होऊन राहिले. आज खेड्यातली म्हातारी नातवाला "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणते तेव्हा तिला कोणी परकी म्हणेल काय?

इंग्रजीचेही तसेच. लोकलच्या डब्याचा आणि परीक्षेच्या वर्गाचा 'फर्स्ट क्लास' आमच्या जिभेवर 'फस्क्लास' झाला. घाटकोपरच्या गाडीवर भजी खाऊन कोणी "फस्क्लास!" म्हटले की आम्ही त्याच्याशी भांडायला जात नाही. संगीत नाटकाच्या मराठी प्रेक्षकाने 'वन्स मोअर' असा आपलासा केला, की तो इंग्रजी आहे याची आठवणही कोणाला राहिली नाही. पार्ल्याच्या दीनानाथमध्ये, मुलुंडच्या कालिदासमध्ये, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात पद रंगले की मागच्या रांगेतून तो गरजतो. तो लोकांच्या तोंडून आला, लोकांना कळतो, म्हणून तो आमचा!

आमचा राग घरात आलेल्या पाहुण्यावर नाही. पाहुण्याच्या मिजाशीसाठी घरच्या आईला माजघरात कोंडणाऱ्यावर आहे. आणि शेजाऱ्यांवर तर मुळीच नाही. घाटकोपर-मुलुंडचा आमचा गुजराती शेजारी आपल्या पोराला 'शाबाश' म्हणतो. त्याच्या समाजाच्या समारंभात सन्मान होतो तो गुजरातीत होतो, आणि घरची आजी पहिल्या रांगेत बसून तो शब्दन् शब्द समजून घेते. आम्ही त्याच्याकडून हे शिकावे. परक्या भाषेत आपलीच पाठ थोपटून घेण्याची हौस आमची आहे. दोष आमच्या पदरात आहे.

साहेबाला कळले, ते सेक्रेटरीला कळेना

गंमत पाहा. इंग्रज येथे राज्य करीत होता तेव्हा आपल्या मर्जीतल्या माणसांना त्याने कोणते किताब दिले? रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, दिवाणबहादूर! 'सर' ही पदवी त्याने मोजक्यांसाठी ठेवली. खाली मात्र देशी शब्द. त्या धूर्त साहेबाला पक्के ठाऊक होते, की मान द्यायचा तर गावाला कळेल अशा शब्दात द्यावा लागतो. गावाला कळला नाही तर तो मान कसला? जे सात समुद्रांपलीकडून आलेल्या साहेबाला कळले, ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कळत नाही!

अर्थात ते किताब राजनिष्ठेच्या मोलाने मिळत. म्हणून लोकांनी आपले किताब आपणच दिले. ११ मे १८८८ रोजी याच मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यात, लोकांनी जोतीरावांना 'महात्मा' म्हटले. टिळकांना 'लोकमान्य' कोणत्या सरकारने केले? मुळशीच्या सत्याग्रहातून पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले, खेड्यातल्या पोरांना शिकवून भाऊराव पाटील 'कर्मवीर' झाले. कोणा लाटसाहेबाची सही लागली नाही. रावबहादुरांची यादी आज कोणाला पाठ आहे? महात्मा, लोकमान्य, सेनापती, कर्मवीर मात्र पोराटोरांना ठाऊक आहेत. सरकारी किताब राज्याबरोबर गेले, लोकांनी दिलेले राहिले. कारण ते लोकांच्या तोंडच्या शब्दांत होते.

दिल्लीला शब्द सापडले

स्वराज्य आले. घटनेच्या १८ व्या कलमाने किताब रद्द झाले. पण शौर्याची आणि गुणांची कदर तर करायची होती. तेव्हा इंग्रजीत वाढलेल्या दिल्लीच्या कारभाऱ्यांनाही इंग्रजी नाव ठेवावेसे वाटले नाही. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र जाहीर झाले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर प्राण देणाऱ्या आमच्या यशवंत घाडग्यांना १९४४ साली मिळाला तो 'व्हिक्टोरिया क्रॉस', परक्या राणीच्या नावाचा. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग जिवावर उदार होऊन काढणाऱ्या रामा राघोबा राणे यांना मिळाले ते परमवीर चक्र. राणे कारवारकडचे. तोच कारवार, ज्याच्यासाठी सीमाप्रश्न अजून धगधगतो आहे! आणि त्या चक्राची आकृती कोणी काढली? सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने युरोपातल्या, पण खानोलकरांच्या मराठी घरात सून होऊन आल्या आणि इंद्राचे वज्र त्या पदकावर कोरून गेल्या. परदेशात जन्मलेल्या बाईला आपले वज्र आठवले. आम्ही इथे जन्मून 'ट्रॉफी' म्हणतो!

१९५४ साली भारतरत्न आले, त्याच साली पद्म सन्मान आले. १९५८ साली महर्षी कर्वे भारतरत्न झाले, १९६३ साली पां. वा. काणे झाले. महाराष्ट्र सरकारने पुढे 'महाराष्ट्र भूषण' सुरू केला, आणि १९९६ साली पहिला मान जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांड्यांना दिला. उपनगरच्या पोराला मान मिळाला तो मराठी शब्दात! 'प्राइड ऑफ महाराष्ट्र अवॉर्ड' असे नाव असते, तर पुलंनीच त्याची काय गत केली असती, ते ज्याचे त्याने ताडावे.

हे काही आजचे नाही. शिवछत्रपतींनी कुडतोजी गुजरांना 'प्रतापराव' केले, हंसाजी मोहित्यांना 'हंबीरराव' केले. नाव घेताच पराक्रम ऐकू यावा असे ते किताब! १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सरनौबताचा सेनापती झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, आणि रघुनाथपंत हणमंत्यांकडून महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला. राज्य आपले, तर मानाचे शब्दही आपले, हा तो हिशेब होता. पुढे सावरकरांनी मेयरला 'महापौर' केले. तेव्हा लोक हसले असतील; आज 'महापौर' म्हणताना कोण अडखळतो? १९६२ साली सरकारने पदनाम कोश काढला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले. तीही थप्पड बरोबर होती. शब्द कचेरीत बसून पाडले की ते कचेरीतच राहतात. लोकांच्या जिभेवर बसणारा शब्द हवा.

मैदानावर कान द्या

तो शब्द ऐकायचा असेल तर मैदानावर या. आमच्या उपनगरांतल्या कबड्डीच्या मैदानांवर चढाई होते, पकड होते, लोण चढतो. जगात जेथे कबड्डी खेळतात तेथे नियमांत 'लोना' लिहितात. तो आमचाच लोण! २०१४ पासून दूरचित्रवाणीवरच्या कबड्डीने 'सुपर रेड' आणि 'सुपर टॅकल' आणले, तर मराठी क्रीडा पत्रकारांनी 'अव्वल चढाई' आणि 'अव्वल पकड' करून दाखवले. कुठे अडले काय? कुस्तीत १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' आहे. मल्लाच्या खांद्यावर चांदीची गदा येते. गदा! कप नव्हे! आणि जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला, तेव्हा तळातल्या गोविंदापासून वरच्या बाळगोपाळापर्यंत साऱ्यांनी मिळून काय दिली? सलामी! खाली उभ्या असलेल्या एकालाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

आमच्याही पदरात निखारे आहेत

पण दुसऱ्याकडे बोट दाखवताना चार बोटे आपल्याकडे वळतात. इंग्रजीला नावे ठेवून भागणार नाही. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत कोणत्याही नाक्यावर उभे राहा आणि मान वर करून पाहा. 'कार्यसम्राट'! 'समाजरत्न'! 'जनतेचे कैवारी'! गटार साफ करून घेतले की सम्राट, वाढदिवस आला की रत्न! हे शब्द शुद्ध मराठी आहेत, पण खोटे आहेत. खोटे मराठी हे खऱ्या इंग्रजीपेक्षा बरे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या भाषेने 'महात्मा' म्हणायला एका माणसाचे चाळीस वर्षांचे कष्ट मागितले, त्या भाषेचे शब्द आम्ही फ्लेक्सवर फुटाच्या भावाने विकतो. मग पोरगा उद्या म्हणणारच, "बाबा, मराठीतलं कौतुक म्हणजे नुसता बॅनर, खरं सर्टिफिकेट इंग्रजीतलं." त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, का नाही होणार? त्या रात्री आमच्याकडे निरोपांचा पाऊस पडला. त्यातले निम्मे कोणते होते म्हणाल? 'काँग्रॅच्युलेशन्स!' मराठीचा गौरव झाला म्हणून मराठी माणूस मराठी माणसाचे इंग्रजीत अभिनंदन करतो! यावर हसावे की रडावे?

एक शब्द, ज्याची किंमत चुकवली आहे

आणि शेवटी तो शब्द, ज्याच्यापुढे आमची मान आपोआप लवते.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या सुटल्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी पुढच्या काळात १०६ माणसे गेली. त्यात कामगार होते, विद्यार्थी होते, वाटेवरून जाणारे होते. त्यांना पदक नव्हते, सनद नव्हती, कोणत्या दरबारात त्यांचे नाव पुकारले गेले नाही. या महाराष्ट्राने त्यांना एकच मान दिला, एका शब्दाचा: हुतात्मा. आगीत आहुती पडावी तसा ज्याने आपला प्राण टाकला तो. हा शब्दही सावरकरांनी दिलेला, पण त्याला अर्थ दिला तो त्या १०६ जणांनी. टॅक्सीवाल्याला आज 'हुतात्मा चौक' म्हटले की तो गाडी वळवतो. तो कोणत्या गावचा, कोणत्या भाषेचा, हे विचारावे लागत नाही.

ज्या भाषेला एवढा मोठा मान देता आला, तिला एका शाळकरी पोरीच्या चित्राचे कौतुक करता येत नाही, असे कोणी म्हणू नये. आम्ही ते ऐकून घेणार नाही!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सरकारकडे नाहीत, तुमच्याआमच्याकडेच आहेत.

पहिली: उपनगरांतल्या प्रत्येक शाळेत, मंडळात, सोसायटीत, कारखान्यात मान द्याल तो मराठीत द्या. इंग्रजी कागद नोकरीला लागतो ना? जरूर द्या, त्याच कागदावर खाली द्या. पण व्यासपीठावरून पुकारताना आधी मराठीत पुकारा.

दुसरी: नुसते नाव पुकारू नका. त्याने काय केले ते दोन वाक्यांत सांगा. मानपत्र वाचण्याची रीत पुन्हा सुरू करा. ज्याला मान मिळतो त्याच्या आईला, बायकोला, पोराला तो कळला पाहिजे.

तिसरी: 'कन्सोलेशन' बंद! आमच्या पोरांना सांत्वन नको, उत्तेजन द्या.

चौथी: जो सम्राट नाही त्याला सम्राट म्हणू नका. मराठी शब्दाचा भाव पाडणे हाही मराठीचा अपमान आहे.

पुढच्या बक्षीस समारंभाला आम्ही पुन्हा मुलुंडला जाणार आहोत. ती पोर यंदाही चित्र काढील. तिचे नाव पुकारले जाईल तेव्हा शेजारी बसलेल्या माउलीला कोणा शिकलेल्याच्या तोंडाकडे बघावे लागू नये. टाळी आणि हसू एकाच क्षणी यावे.

एवढे जमले, तर आम्ही तुम्हाला एकच गोष्ट म्हणू. इंग्रजीत नाही, आणि बॅनरवरही नाही. पाठीवर हात ठेवून म्हणू: शाब्बास!

जय महाराष्ट्र!